हिरव्या रंगाचं आरक्षण

‘आरक्षण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे, आयोग आणि न्यायालयाच्या तारखा येतात. त्याच नावाची आणखी एक गोष्ट आहे. ती माणसांना नाही, जमिनीला लागते. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर शाळा, दवाखाना, बाजार, मैदान किंवा उद्यान असं लिहिलं की त्या भूखंडावर ‘आरक्षण पडलं’ असं नगररचनेच्या भाषेत म्हणतात. ‘पडलं’ हे क्रियापदही बोलकं आहे. पाऊस पडतो, धाड पडते, तसं आरक्षण पडतं. जमीनमालकाच्या दृष्टीने ती आपत्तीच असते.

मुंबईच्या आराखड्याची पत्रकं घेऊन त्यांवरच्या हिरव्या खुणा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहायचा मला नाद आहे. कागदावर हिरवं असतं तिथे गेल्यावर गॅरेज दिसतं, पत्र्याची गोदामं दिसतात, तीन पिढ्यांची झोपडपट्टी दिसते, देऊळ दिसतं, क्वचित मैदानही दिसतं. हे पाहून ‘भ्रष्टाचार, दुसरं काय’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण भ्रष्टाचार सगळीकडेच होता, तरी काही मैदानं टिकली आणि काही जन्मालाच आली नाहीत. असं का झालं हे शोधायला गेलं की माणसांपेक्षा नियमांकडे जावं लागतं. मैदान कोणत्या नियमाने जन्मलं यावर ते किती जगणार हे बरंचसं ठरतं, असं माझं मत होत गेलं आहे.

मुंबईतली सर्वांत जुनी मोठी मैदानं करमणुकीसाठी राखलेलीच नव्हती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे चार तुकडे एकेकाळी एकसंध होते. किल्ल्याच्या तटाबाहेरच्या त्या पटांगणाला इंग्रज एस्प्लनेड म्हणत. शत्रू चालून आला तर त्याला घरांचा, झाडांचा आडोसा मिळू नये, तोफेला समोर मोकळं रान मिळावं, म्हणून तिथली वस्ती आणि माडांच्या बागा हटवण्यात आल्या. १८०३मध्ये कोटात मोठी आग लागली, त्यानंतर हे रान आणखी वाढवलं. म्हणजे मुंबईचा मोकळ्या जागेबद्दलचा पहिला परिणामकारक नियम लष्करी होता. ‘इथे बांधायचं नाही’ एवढंच तो सांगत होता. का नाही, त्याऐवजी काय, याचा खुलासा त्यात नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

१८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. (गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चं, म्हणजे नेमकं या उलथापालथीच्या काळातलं.) तोफेचं कारण संपलं. कापसाच्या तेजीने जमिनीला सोन्याचा भाव आला होता. एस्प्लनेडचे लचके तुटलेच. रस्ते निघाले, भूखंड विकले गेले. पण विद्यापीठ, उच्च न्यायालय, सचिवालय या इमारती एका ओळीत समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापुढची लांबट पट्टी मोकळी राहिली. तीच ओव्हल. समुद्र तिथून पुढे भराव घालून मागे ढकलला गेला, १९३०च्या दशकात पलीकडे आर्ट डेको इमारती आल्या, आणि २०१८मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. दोन वास्तुशैली एकमेकींकडे पाहतात, मध्ये गवत. तोफेच्या टप्प्याला मिळालेला हा सन्मान आहे असं मी म्हटलं तर वास्तुतज्ज्ञ रागावतील, पण ते अगदीच खोटं नाही.

मोकळी जागा राहिली की ती कोणाची, हा प्रश्न लगेच येतो. १८७५मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त गोऱ्यांसाठी. उरलेल्या मैदानावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळायची आणि त्याच मैदानावर गोरे अधिकारी पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले आणि निर्णय कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिला. पारशी क्रिकेटचा इतिहासकार शापूरजी सोराबजी याने या भांडणाची हकिगत लिहून ठेवली आहे, ती रामचंद्र गुहांच्या पुस्तकामुळे आज अनेकांना माहीत असते. पुढे पारशी, हिंदू आणि मुस्लिम जिमखान्यांना केनेडी सी फेसवर शेजारी शेजारी जागा मिळाल्या. भूखंडांची वाटणी धर्मवार झाली. मुंबईच्या क्रिकेटचे सामने पुढे कित्येक वर्षं धर्मवार संघांत झाले त्याची कारणं अनेक असतील, पण जमिनीच्या वाटणीचा त्यात वाटा नव्हता असं मला वाटत नाही.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि मोकळ्या जागेचं कारण बदलले. तोफेऐवजी आता हवा आणि उजेड. १८९८च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याला जमीन सक्तीने घेण्याचे, घरं पाडण्याचे, रस्ते काढण्याचे आणि नवे भूखंड पाडून भाडेपट्ट्याने देण्याचे अधिकार होते. नियोजन करणारा आणि जमीनदार एकच. ट्रस्टच्या कारभारातला एक नियम मला फार आवडतो: साडेत्रेसष्ट अंशांचा. दोन इमारतींमधलं अंतर किती असावं? खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ काढली तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे. ट्रस्टचे अधिकारी जेम्स ऑर यांनी या नियमाचा पाठपुरावा केला. घराघरात आकाशाचा तुकडा पोचवायचं हे गणित होतं. जुन्या दादर-माटुंग्यात गल्लीतून चालताना अजून जो श्वास घेता येतो, त्यात झाडांइतकाच या रेघेचाही भाग आहे.

दादर-माटुंगा योजनेतच फाइव्ह गार्डन्स झाल्या. शेतजमीन एकगठ्ठा संपादन करायची, तिच्यावर आधी रस्ते आणि बागा आखायच्या आणि मग उरलेले भूखंड पट्ट्याने द्यायचे, असा क्रम होता. बाग आधी, घर नंतर. बाग ही घरं बांधून उरलेली जागा नव्हती, घरांच्या भाड्याचा दर ठरवणारी जागा होती. बागेसमोरच्या भूखंडाला अधिक पैसे येत. निखिल राव यांनी या उपनगरांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘हाउस, बट नो गार्डन’ असं आहे. बंगला आणि बाग हे इंग्रजी उपनगराचं स्वप्न इथे फ्लॅट आणि सार्वजनिक बाग असं झालं, हे त्यातून छान कळतं.

मात्र ट्रस्टची आरती ओवाळण्याचं कारण नाही. प्लेगच्या नावाखाली जुन्या मुंबईतली दाट वस्ती पाडली, त्या वस्तीतले लोक दादरच्या बागांसमोर राहायला आले नाहीत. ते आणखी दाट वस्तीत गेले. बाग मिळाली ती नव्या मध्यमवर्गाला, ज्याच्याकडे ट्रस्टचं भाडं भरायची ऐपत होती. हवा-उजेडाचा नियम चांगला होता. तो कोणाच्या घराला लागू करायचा हे भाडेपट्टा ठरवत होता.

शिवाजी पार्क याच काळातलं. महापालिकेने १९२५मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७मध्ये, तेव्हा रूढ असलेल्या जन्मवर्षाप्रमाणे शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला महाराजांचं नाव मिळालं. क्षेत्र सुमारे २८ एकर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, १९६६चा शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा, आचरेकर सरांची नेट, कट्ट्यावरच्या गप्पा, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंचा मुक्काम, हे सगळं त्या २८ एकरांत मावलं. आणि तरीही नियमांच्या भाषेत ते एक ‘खेळाचं मैदान’ आहे. २०१०मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र असल्याचं म्हटलं तेव्हा दादरमध्ये दोन तट पडले. रहिवाशांना कर्णे नको होते, पक्षांना सभा हव्या होत्या. खेळाव्यतिरिक्त वर्षातले किती दिवस मैदान वापरायचं, कोणते दिवस, हे ठरवण्यात सरकार आणि न्यायालयं गुंतली. सभेशिवायचं शिवाजी पार्क मला अर्धवट वाटतं. पण खिडकी त्या बाजूला उघडणाऱ्याला माझं हे मत ऐकवण्याची माझी हिंमत नाही.

महापालिकेने ही जमीन आपल्या ताब्यात असताना मैदानाला दिली, हा मुद्दा इथे महत्त्वाचा. कोणाकडून भविष्यात घेऊ, असं म्हटलं नव्हतं.

यानंतर कायद्याची तऱ्हा बदलते. १९१५मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. त्याच सुमाराला पॅट्रिक गेडिस इलाख्यातली गावं पाहत फिरत होते; पुढे १९१९पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या कायद्याची पद्धत गंमतीशीर आहे. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन चांगले चौकोनी भूखंड पाडून मालकांना परत द्यायची. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण उरलेली रस्त्याला लागते आणि तिची किंमत वाढते. सगळ्यांच्या ताटातून एकेक घास. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले ही उपनगरं अशा टीपी स्कीममधून घडली. त्यांचे आखीव रस्ते आणि मधल्या बागा त्यातल्याच. बागेसाठी पालिकेला जमीन विकत घ्यावी लागत नाही, हे त्या पद्धतीचं मर्म.

१९५४च्या कायद्याने पालिकांना संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणं बंधनकारक केलं आणि १९६६मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला, जो आजही चालू आहे. त्याच्या २२व्या कलमात आराखड्यात कशाकशासाठी जागा दाखवता येते याची यादी आहे. मोकळ्या जागा, मैदानं, क्रीडागारं, प्राणिसंग्रहालयं, हरितपट्टे, अभयारण्यं, आणि त्याच ओळीत, दुग्धशाळा. ही यादी वाचताना १९६६चा महाराष्ट्र डोळ्यांपुढे येतो. आरे नुकतीच दीड दशकाची झाली होती. काय काय हवं याची कल्पना कायदा करणाऱ्यांना होती.

पैसा कुठून आणायचा याची तेवढी नव्हती. टीपी स्कीममध्ये सगळे थोडं थोडं सोसत. आराखड्यात शंभर मालकांपैकी नव्वदांच्या जमिनीला काही होत नाही, उलट शेजारी बाग येणार म्हणून त्यांचा भाव वाढतो, आणि दहांच्या जमिनीवर आरक्षण पडतं. या दहांना पालिकेने मोबदला द्यायचा. मालक आरक्षित जमीन बांधू शकत नाही, धडपणे विकू शकत नाही, आणि पालिका ती घेतही नाही. वर्षं जातात. अशा जमिनीची राखण कोण करेल? मालकाला तिच्यात रस नाही, पालिकेचा तिच्यावर ताबा नाही. मुंबईत नोकरीला आलेल्या आणि घर नसलेल्या माणसाने ती जागा हेरली, यात नवल काही नाही. गुजरात १९६०पर्यंत आपल्याच राज्यात होता. वेगळं झाल्यावरही त्यांनी टीपी स्कीम सोडली नाही, १९७६च्या त्यांच्या कायद्यातही ती ठेवली, आणि अहमदाबादचा विस्तार बऱ्याच अंशी तिच्यावर झाला. मुंबईने मात्र नवीन टीपी स्कीम करणं जवळपास सोडून दिलं. हा निर्णय कोणी एका बैठकीत घेतला नाही. तो हळूहळू होत गेला. त्याची किंमत मोजताना त्याचं नावही निघत नाही.

आता कलम १२७. माझ्या मते मुंबईच्या मोकळ्या जागांच्या इतिहासात या कलमाइतकं प्रभावी दुसरं काही नाही. तत्त्व साधं आणि न्याय्य आहे: कोणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवता येणार नाही. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि तरी जमीन घेतली नाही, तर मालक पालिकेला सूचना देऊ शकतो. रोजच्या भाषेत तिला खरेदी सूचना म्हणतात. ठरलेल्या मुदतीत पालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते इथेही बांधता येतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती.

सहा महिने म्हणजे पालिकेच्या कालगणनेत किती? सूचना विकास नियोजन खात्यात पोचते, तिथून अहवाल होतो, तो सुधार समितीपुढे जातो, समिती जागा पाहायला जायचं ठरवते, बैठक तहकूब होते, मग विषय सभागृहात, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे. यात कोणी मुद्दाम उशीर केला नाही तरी मुदत संपते. आणि मुद्दाम करायचा असेल तर एका तहकुबीने काम होतं. पालिका बराच काळ असं म्हणत असे की आम्ही ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, म्हणजे पावलं उचलली. २००७मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. नुसता ठराव आणि पत्र म्हणजे पाऊल नव्हे, संपादनाची खरीखुरी अधिघोषणा व्हायला हवी, असा त्याचा रोख होता. मालकांच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय योग्यच. पण त्याने पालिकांचं धाबं दणाणलं. २००९मध्ये कायदा दुरुस्त होऊन सहा महिन्यांचे बारा झाले आणि २०१५मध्ये चोवीस. मधल्या काळात, २०१४पासून, नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि मोबदल्याची रक्कम बाजारभावाच्या दुपटीच्या घरात गेली. म्हणजे विचार करायला वेळ चौपट मिळाला, पण घेण्याची वस्तू दुप्पट महाग झाली.

पैशांशिवाय जमीन मिळवायची युक्ती मुंबईने १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत काढली, आणि ती देशात पहिली होती. मालकाने आरक्षित जमीन पालिकेला द्यायची, पालिकेने त्याला नोटांऐवजी तेवढ्या बांधकामाचा हक्क द्यायचा. हाच टीडीआर. हा हक्क दुसरीकडे वापरता येतो, विकता येतो. शहर बेटावरून निघालेला टीडीआर उपनगरात उतरायचा. कल्पना हुशारीची होती आणि काही बागा तिच्यामुळे प्रत्यक्षात आल्या, हे मान्य करायला हवं. पण हिशेब असा की एका ठिकाणी बाग मिळते आणि तिची किंमत म्हणून दुसऱ्या ठिकाणी इमारतीवर मजले चढतात. तिथल्या माणसांना बाग दिसत नाही, लिफ्टच्या रांगा आणि पाण्याचा कमी दाब दिसतो.

ज्या आरक्षणावर झोपड्या उभ्या राहिल्या होत्या त्यांच्यासाठी वेगळा नियम आला. मैदान-उद्यानाच्या अशा भूखंडावर झोपु योजना करता येईल, मात्र जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवायचा. २०१८च्या नियमावलीत हे प्रमाण ३५ टक्के आहे. ६५ टक्क्यांवर इमारती. नागरिकांची एक संघटना २००२मध्येच याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली होती, आणि वाद दोन दशकांहून अधिक चालला. जून २०२५मध्ये न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि माझा निवाडा होत नाही. तीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला ‘तू मैदानावर बसलायस’ असं सांगणं सोपं आहे, पण ते मैदान कधी अस्तित्वातच नव्हतं. दुसरीकडे, त्याच माणसाच्या नातवाला खेळायला जागा लागणार आहे, आणि ती उरलेल्या ३५ टक्क्यांत, दोन टॉवरांच्या मध्ये, फाटकाच्या आत असणार आहे. शिवाजी पार्कचे ६५ टक्के द्या असं कोणी म्हणत नाही. जिथे आधीच मोकळी जागा कमी, तिथेच घर की मैदान ही निवड करायची पाळी येते.

गिरण्यांची गोष्ट मुंबईकरांनी अनेकदा ऐकली आहे, तरी ती टाळता येत नाही. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर संपला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक संपल्या. गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१च्या नियमावलीतल्या ५८व्या नियमाने सांगितलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. गणित करून पाहू. सहाशेचे एक तृतीयांश दोनशे एकर, म्हणजे सात शिवाजी पार्कं. लालबाग, परळ, वरळी, भायखळ्यात. जिथली पोरं चाळीच्या बोळात कबड्डी खेळून मोठी झाली, त्या भागात.

मालक पुढे आले नाहीत. शेड तशाच ठेवून आत काही ना काही करता येत होतं. लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली बोलिंग अ‍ॅली उभी राहिल्याचं तेव्हा बरंच गाजलं. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून चौक, बागा, रस्ते सुचवले. पाच वर्षांनी, २००१मध्ये, ५८वा नियम दुरुस्त झाला. कारण असं दिलं गेलं की जुन्या नियमाने काहीच हलत नाही आणि कामगारांची देणी अडकली आहेत. नव्या नियमात वाटणी कायम राहिली, पण वाटायचं काय ते बदललं. आता संपूर्ण जमिनीची नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीची वाटणी. ज्यावर शेड होत्या ती जमीन पाडकामानंतरही मोकळी धरायची नाही. गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या शेड. तिच्या आवारात मोकळं असं उरतंच किती?

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने मोकळ्या जमिनीचा व्यापक अर्थ लावला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ची दुरुस्ती टिकली. दोनशे एकरांचा प्रश्न ‘मोकळी’ या एका विशेषणाच्या अर्थावर सुटला. सक्तीचा मोर्चा नाही, बुलडोझर नाही, कोणाचं कुंपण तोडलेलं नाही. जे मैदान कधी झालंच नाही, त्याच्यासाठी रडायला कोणी येत नाही.

मोठ्या मैदानांच्या नादात छोट्या नियमाकडे दुर्लक्ष होतं. भूखंड मोठा असेल तर बांधणाऱ्याने त्यातच मोकळी जागा सोडायची. मुंबईत एक हजार चौरस मीटरच्या वर १५ टक्के, अडीच हजारांच्या वर २०, दहा हजारांच्या वर २५. याला सगळे ‘आरजी’ म्हणतात. गाड्यांचे मजले वाढले तशी ही आरजी पोडियमवर चढली: चार मजली पार्किंगच्या छतावर कृत्रिम हिरवळ आणि घसरगुंडी. २०१३च्या डिसेंबरात कोहिनूर सीटीएनएलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठरलेली आरजी जमिनीवरच हवी. पोडियमवर करायची तर ती जादाची. २०१८च्या नियमावलीने पुन्हा मधला रस्ता काढला, किमान साठ टक्के जमिनीवर आणि उरलेली पोडियमवर चालेल. त्यातही काही भाग खऱ्या मातीचा हवा, पाणी मुरण्यासाठी. माती हवी हे नियमात लिहावं लागतं, इथवर आपण आलो आहोत.

मुंबईबाहेरच्या वाचकाला हे परकं वाटू नये. तालुक्याच्या गावापासून नागपूरपर्यंत लेआउट पाडताना दहा टक्के जागा सोडायची असते, आणि तिला तिथले लोक मराठीतच ‘ओपन स्पेस’ म्हणतात. आधी तिथे गाजरगवत, मग गणपतीचा मांडव, मग मांडवाच्या जागी पक्कं देऊळ, आमदार निधीतून समाजमंदिर, शेवटी कोपऱ्यात लोखंडी व्यायामाची यंत्रं. थोडं बांधकाम नियमातच बसतं. मला या देवळांचा राग येत नाही. संध्याकाळी बायाबापड्यांना बसायला तेवढीच जागा असते. पण मुलांनी खेळायचं कुठे, तर शेजारच्या न विकल्या गेलेल्या प्लॉटवर, मालक बांधायला येईपर्यंत.

सांभाळण्याच्या नियमांबद्दल थोडक्यात. पालिकेने १९९०च्या दशकापासून मैदानं-बागा संस्थांना दत्तक आणि काळजीवाहू तत्त्वावर दिल्या. काही ठिकाणी राजकारण्यांचे क्लब झाले, तर ओव्हलची मात्र परिसरातल्या रहिवाशांनी न्यायालयात जाऊन जबाबदारी घेतली आणि उजाड झालेलं मैदान पुन्हा हिरवं केलं. २०१६च्या जानेवारीत नवं धोरण मंजूर झालं, ओरड झाली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. तेव्हापासून धोरण येतं आणि थांबतं. आणि महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३मध्ये संपला होता. २०२४मध्ये ठरलं की ९१ एकर रेस क्लबकडे राहतील आणि १२० एकर पालिकेच्या उद्यानासाठी. एका पट्ट्याची तारीख संपल्याने चार शिवाजी पार्कांएवढी जमीन चर्चेत आली. जमीन आधीच सरकारी आणि पालिकेची होती, म्हणून हे शक्य झालं.

आताचा आराखडा २०३४पर्यंतचा आहे. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये आला आणि चुकांच्या ढिगामुळे दोन महिन्यांत गुंडाळावा लागला. दुरुस्त आराखडा १ सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. तयारीच्या पाहणीत माणशी मोकळी जागा १.२४ चौरस मीटर निघाली होती, एका सतरंजीपेक्षाही कमी. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं दहा ते बारा सांगतात. ती भरून काढायला पत्रकांवर बरीच नवी हिरवी आरक्षणं आहेत, मैदानासाठी एक सांकेतिक क्रमांक, उद्यानासाठी दुसरा. त्यांपैकी जी २०१८मध्ये पहिल्यांदा पडली आणि अजून घेतलेली नाहीत, त्यांची दहा वर्षं सप्टेंबर २०२८मध्ये भरतात. त्यानंतर मालकाला सूचना देता येईल, आणि सूचना दिल्यापासून चोवीस महिने मोजले जातील. आपल्या वॉर्डाचं पत्रक पालिकेच्या संकेतस्थळावर आहे. हिरव्या खुणेवरचा क्रमांक टिपून घेतला की त्या जागेचं सध्या काय चाललंय हे माहिती अधिकारात विचारता येतं.